मुळापासून लवणारा रॉड

आमची पहिली ओळख झाली ती गैरसमजातून. तेव्हा मी एका शिलाईच्या दुकानात पँटी आखूड करणं, बाह्या उसवून लांब करणं, चेन बदलणं असली कामं करत होते. हे पँट घेऊन आले. माणूस उंच, पँट घोट्याच्या वर. म्हणाले, "आत थोडं कापड दुमडलेलं असेल तर सोडता येईल का बघा." मी टेप लावता लावता सहज विचारलं की काम काय करता. म्हणाले, "स्पिनिंग रॉड विकतो."

आता शिलाईवालीला स्पिनिंग म्हटलं की काय दिसणार? मला वाटलं, सूतगिरणीच्या यंत्राचा काहीतरी भाग असेल. मी आपलं विचारलं, "किती काउंटचं सूत निघतं त्याच्यावर?" यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "सूत नाही चालत. नायलॉन लागतं. आठ पौंडांची दोरी उत्तम." मी म्हटलं, नायलॉन घसरतं फार. ते म्हणाले, घसरलंच पाहिजे, नाहीतर लांब जाणार कसं. अशी आमची तीन-चार मिनिटं चर्चा झाली आणि दोघांनाही समोरचा माणूस आपल्या धंद्यातला जाणकार वाटला. मग ते बोलता बोलता मासा म्हणाले. सूतगिरणीत मासा कुठून आला, हे विचारेपर्यंत माझं निम्मं मन यांच्यावर बसलेलं होतं.

तर आमचे हे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात काम करायचे. तेहतीस वर्षं केलं. दुकान अरुंद आणि लांबच लांब, एका भिंतीला शंभरेक रॉड उभे, दुसऱ्या भिंतीला बारीक बारीक खणांत गळ, दोऱ्या, रिळं आणि चमकणारी खोटी आमिषं. आत रबराचा आणि बुचाचा वास. वरच्या फळीवरचे रॉड शिडीशिवाय काढता येतात म्हणून थोरल्या मालकांनी यांना ठेवून घेतलं. नोकरीसाठी यांची लायकी तेवढीच होती, आणि हे मी यांच्या तोंडावर सांगते.

पण माणसानं काम मनावर घेतलं. स्पिनिंगचा रॉड म्हणजे आमिष लांब फेकायचं आणि रीळ फिरवत परत ओढायचं. पाण्यातून ते लुकलुकत पळायला लागलं की माशाला वाटतं, आपलं जेवण चाललं. तो मागे लागतो. आता हा रॉड निवडायचा कसा, तर गिऱ्हाईक यायचं आणि सगळ्यात लांब नाहीतर सगळ्यात चकचकीत रॉड उचलून हवेत सपासप झटकायचं. हे शांतपणे तो रॉड काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी हात द्या."

हात द्या म्हणजे हस्तांदोलन. हे समोरच्याचा हात धरायचे, जरा जास्तच वेळ धरायचे, हलकेच ओढायचे आणि सोडायचे. मग रॉडच्या रांगेकडे चालायला लागायचे. यांचं म्हणणं असं की रॉड कुठे लवतो त्यावर सगळं आहे. काही रॉड नुसते टोकात लवतात. ते चपळ, त्यांना बारीकसा झटकाही कळतो, पण हाताची वेळ चुकली की आमिष भलतीकडे. काही कमरेत लवतात. आणि काही मुळापासून, पार मुठीपर्यंत लवतात. ते संथ असतात, पण चूक पोटात घालतात. माणसंही याच तीन जातींची, असं यांचं मत. सगळ्या गिऱ्हाइकांना वाटतं आपण टोकातले. निम्मे असतात कमरेतले, आणि मुळापासून लवणारा क्वचितच भेटतो.

मग उरलेल्या तपासण्या. गिऱ्हाइकाच्याच किल्ल्यांचा जुडगा दोरीला बांधायचा आणि जमिनीवरून रॉडनं उचलायला लावायचा, म्हणजे बाक खरा कुठे पडतो ते दिसतं. दोरी ओवायच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवायचा. एखाद्या कडीला चरा असेल तर कापूस अडकतो, आणि कापूस अडकला तर उद्या दोरी तुटणार. शेवटी रीळ बसवून रॉड एका बोटावर तोलायचा. हे सगळं होईपर्यंत गिऱ्हाइकाची बोलती बंद झालेली असायची. लोक यांना मास्तर म्हणायला लागले. दुसऱ्या गावांहून माणसं हात दाखवायला यायची.

घरीही तेच. शेजारच्या बाई टोकात लवणाऱ्या, त्यांचे यजमान कमरेतले, आमची मुलगी लहानपणी कमरेतली होती पण लग्नानंतर टोकात गेली. मी एकदा विचारलं, "आणि मी?" हे म्हणाले, "तू मूठ आहेस. मूठ लवत नाही." ही स्तुती होती की तक्रार, हे मी बरीच वर्षं ठरवू शकले नव्हते.

लवत नाही हे मात्र खरं. माझा टेप सरळ बोलतो. कंबर छत्तीस असेल तर मी छत्तीसच सांगते, समोरची बाई बत्तीसवर अडून बसली तरी. अर्ध्या इंचासाठी मी आजवर कुणाला खोटं बोललेले नाही आणि त्यापायी बरीच गिऱ्हाइकं रुसून गेलेली आहेत. गावात एक बोलण्याची पद्धतच पडली होती. कुणी फार बढाया मारायला लागलं की म्हणायचे, जा, वहिनींकडून मोजून आण.

आता खरी गोष्ट सांगते. मास्तरांनी जन्मात एकही मासा पकडलेला नव्हता.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका मंगळवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं तळ्यावर गेलो होतो. यांनी रॉड मागे नेला आणि मोठ्या ऐटीत फेकला. आमिष माझ्या छत्रीत अडकलं. दुसऱ्यांदा फेकला, झाडात. झाडातून सोडवताना यांची टोपी पाण्यात गेली आणि टोपी काढताना हे. परत येताना बूट पचपच वाजत होते आणि मी हसू दाबण्यासाठी पदर तोंडात कोंबला होता. तेव्हापासून यांनी तळ्याचं नाव काढलं नाही. रविवारी दुकानात मरणाची गर्दी, मंगळवारी काही ना काही निमित्त. तोवर लोक मास्तर म्हणायला लागले होते आणि खरं सांगायची वेळ टळून गेली होती. हे गुपित आम्हा दोघांतच होतं. मी सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि त्याचीच यांना धास्ती होती.

यांच्या निवृत्तीची वेळ आली. दुकान आता थोरल्या मालकांच्या सूनबाई बघत होत्या, सगळे त्यांना मालकीणबाई म्हणत. त्यांनी भर दुकानात जाहीर केलं की येत्या रविवारी दुकान बंद राहील, तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच. सगळी जुनी गिऱ्हाइकं तळ्यावर जमणार. मास्तरांनी दुकानातला कुठलाही रॉड स्वतःसाठी निवडायचा, तो त्यांना दुकानाची भेट, आणि त्या रॉडनं सगळ्यांसमोर पहिली फेक करून दिवसाची सुरुवात करायची.

हे घरी आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. मला वाटलं तब्येत बिघडली. सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय? लोकांनी तेहतीस वर्षं माझ्या शब्दावर रॉड घेतले. रविवारी सगळ्यांना कळेल की मास्तरांना साधं फेकताही येत नाही. मग ती तेहतीस वर्षं काय होती?"

"आधीच सांगून टाका."

"तू सांगशील. तुझ्याकडे टेप आहे. माझ्याकडे नुसता शब्द होता."

मी वाकून यांच्या पायांतले बूट काढले.

त्या आठवड्यात यांनी एकेक करून सात रॉड घरी आणले आणि सातही परत नेले. हा ताठ, तो जड, याचा जोड नीट बसत नाही, त्याचं बूच हाताला लागत नाही. लोकांना पाच मिनिटांत रॉड काढून देणारा माणूस, स्वतःसाठी मात्र हातपाय गाळून बसला. गुरुवारी मी स्वयंपाकघरात गेले तर हे खिडकीपाशी पाठमोरे उभे. मला वाटलं प्रार्थना करताहेत. जवळ जाऊन बघते तर स्वतःच्याच उजव्या हातानं स्वतःचाच डावा हात धरून हलवत होते. मी इतकी हसले की मला कट्ट्याचा आधार घ्यावा लागला. हे चिडले. आमच्या संसारात हे चिडल्याची ती तिसरी वेळ असेल.

"काही कळत नाही," म्हणाले. "दोन्हीकडून मीच."

हसता हसता मला वाईट वाटलं. साधीच गोष्ट होती. या माणसानं गावातल्या प्रत्येकाचा हात बघितला होता आणि यांचा हात बघायला कुणी नव्हतं.

शनिवारी दुपारी दुकानात सामसूम असते. मी माझं काम बाजूला ठेवून गेले. मालकीणबाई आत चहा घेत होत्या. हे रॉडच्या रांगेपुढे उभे होते. मी पर्स काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "हात द्या."

"काय?"

"गिऱ्हाईक आहात ना? हात द्या."

एकतीस वर्षं लग्नाला झाली, पण नवऱ्याशी हस्तांदोलन कोण करतं? आम्ही दोघंही ओशाळलो. मी तो हात धरला. मोठा, कोरडा, तळव्याला बुचाची भुकटी लागलेला. यांच्यासारखाच जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि हलकेच ओढला. हात आला. मागून मनगट आलं, मग कोपर, मग खांदा, आणि शेवटी सगळाच्या सगळा माणूस एक पाऊल पुढे आला.

"तुम्ही मुळापासून लवणारे आहात," मी म्हटलं.

यांचा चेहरा पडला. "छे. मी टोकातला. निदान कमरेतला तरी."

"सगळ्यांना तसंच वाटतं, असं तुम्हीच सांगता ना?"

"पण तुला हातातलं काय कळतं?"

आता मात्र माझा पारा चढला. "माझं मनगट मोडलं होतं ते आठवतं? शाळा उघडायला तीन आठवडे होते आणि साठ गणवेश माझ्याकडे पडून होते. ते कुणी शिवले? मी खुर्चीत बसून ओरडत होते, हे उसवा, ते उसवा, आणि तुम्ही दुकानातून येऊन रोज मशीनवर बसत होतात. एका शब्दानं उलट बोलला नाहीत. टोकातला माणूस पहिल्याच दिवशी मशीन सोडून उठला असता. मला हातातलं काय कळतं म्हणे."

हे मग वर बघायला लागले. सगळ्यात वरच्या फळीवर, एका कडेला, एक हिरवट रॉड पडून होता. सात फुटी, बुचाची मूठ जुन्या पद्धतीची. संथ रॉड कुणाला नको असतो म्हणून सहा वर्षं तिथेच होता. यांनी हात उंच करून तो काढला आणि बाहीनं धूळ पुसली. पर्समध्ये माझ्या कापूस असतोच, सुई टोचली की लागतो. कड्यांमधून बोळा मी फिरवला. कुठे अडकला नाही. मग घराच्या किल्ल्या दोरीला बांधल्या. यांनी रॉड उचलला तसा तो टोकापासून वाकत वाकत थेट यांच्या तळहातापर्यंत आला, आणि किल्ल्या न हिसकता अलगद जमिनीवरून उठल्या.

यांनी किल्ल्या सोडवल्या. रीळ बसवून बोटावर तोललं तर रॉड पाळण्यासारखा झुलून थांबला. "हा माझ्या मनातच आला नसता," एवढंच म्हणाले. आतून मालकीणबाईंनी विचारलं, "मिळाला का मास्तर?" हे म्हणाले, "मिळाला. हिनं काढून दिला." मला इतका आनंद झाला की मी उगाचच यांना खांद्यावरचा धागा काढायला थांबवलं.

रविवारी सकाळी तळ्यावर पंचवीसेक माणसं जमली होती. घड्या घालायच्या खुर्च्या, चहाचे थर्मास, उकडलेली अंडी, पाव. दातांचे डॉक्टर सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, म्हणून त्यांनी दोन शब्द बोलायचे ठरले होते. ते दोनशेएक शब्द बोलले. मग सगळे मागे सरकले आणि हे एकटे पाण्याच्या कडेला उभे राहिले. मी छत्री मिटून घेतली.

यांनी रॉड मागे नेला. थांबले. आणि परत खाली घेतला. वळले तेव्हा कपाळावर घाम होता.

"फेकण्याआधी एक सांगायचंय," म्हणाले. "मी आजपर्यंत एकही मासा पकडलेला नाही. एकदाच प्रयत्न केला होता, तेव्हा हिची छत्री पकडली. तुम्ही मला मास्तर म्हणत आलात, आणि मी म्हणू दिलं. माझं चुकलं."

एका थर्मासचं झाकण गवतात पडलेलंही ऐकू आलं. यांनी मान खाली घातली होती. मी पुढे जाणार इतक्यात डॉक्टर म्हणाले, "मास्तर, ते आम्हाला माहीत आहे."

"कधीपासून?"

"मला वीस वर्षं तरी झाली असतील. या बाईंना विचारा." त्यांनी पोस्टात काम करणाऱ्या एका बाईंकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला दुसऱ्याच खेपेला कळलं."

"पण कसं?"

डॉक्टर हसायला लागले. "अहो, आम्ही काउंटरवर उभं राहून हात पसरून पसरून सांगायचो, एवढा होता, हातातून सुटला, आणि तुम्ही शेवटपर्यंत ऐकायचात. मासे पकडणारा माणूस दुसऱ्याची गोष्ट कधी पुरी ऐकतो का? तो मध्येच स्वतःची सुरू करतो. तुम्ही इतक्या वर्षांत स्वतःची एकही सांगितली नाहीत."

"मग माझ्याकडून रॉड कशाला घेत होतात?"

"कशाला म्हणजे? बरोबर निघायचे म्हणून."

सगळे हसले आणि यांचा जीव भांड्यात पडला. माझाही. आता घाबरायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून यांनी फेकला. आमिष पायापासून चार हातांवर पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी फेक वेतांच्या झुडपात गेली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "घाई करू नका, तो तुमच्यासारखाच आहे, त्याला वेळ द्या." रॉड सावकाश मागे वाकला, सावकाश सरळ झाला आणि आमिष लांब, चांगलं लांब जाऊन पडलं. हे माझ्याकडे बघून शाळेतल्या पोरासारखे हसले.

मग जो तो आपापली जागा धरून काठानं पांगला. आम्ही दोघंच तिथे राहिलो. तासभर हे फेकत होते आणि ओढत होते आणि मी पाव खात होते. अचानक हे म्हणाले, "अगं," आणि दोन्ही हातांनी रॉड धरला. रॉडचं टोक थरथरत होतं. मग कंबर वाकली. मी खुर्ची पाडून उठले. यांनी हळूहळू रीळ फिरवलं, आणि पाण्यातून एक मासा वर आला. चंदेरी, अंगठ्याएवढा जाड, भलताच रागावलेला.

सवयीनं माझा हात पर्समध्ये गेला. टेप लावला. साडेचार इंच. यांनी ओल्या हातात तो असा धरला होता की जणू आपली मुलगी नुकतीच जन्मलेली आहे. गळ काढला, वाकून पाण्यात सोडला, आणि तो गेला त्या जागेकडे बघत राहिले. डोळे भरले होते. माझेही भरले, त्यात लपवायचं काय आहे.

तेवढ्यात कुणीतरी लांबून बघितलं असावं, कारण सगळे धावत आले. डॉक्टर सगळ्यात पुढे. "मिळाला? केवढा होता?"

यांनी तोंड उघडलं. दोन्ही हात वर आले. पसरायला लागले. आणि मग यांची नजर माझ्याकडे गेली, माझ्या हातातल्या टेपकडे गेली, आणि हात तिथेच थांबले, बरोबर साडेचार इंचांवर. बिचाऱ्यांच्या आयुष्यातली पहिली माशाची गोष्ट तोंडातल्या तोंडात विरघळायला लागली.

मी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला. मग दोन्ही हात चांगले पसरले, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापाएवढे. "एवढा," मी म्हटलं. "मी स्वतः मोजला."

कुणी शंका घेतली नाही. वहिनींनी मोजलाय म्हटल्यावर विषयच संपला. पोस्टातल्या बाईंनी यांना मिठीच मारली. डॉक्टर आपली गोष्ट सांगायला लागले, आणि हे त्यांना मध्येच तोडून म्हणाले, "थांबा हो, आधी माझं ऐका."

परतताना बसमध्ये रॉड आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. हे माझ्याकडे वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "साडेचार होता."

"पाण्यातून काढलं की कापड आटतं," मी म्हटलं. "मासाही आटला असेल."

यांनी माझा हात हातात घेतला. हस्तांदोलनासारखा, जरा जास्त वेळ धरला, हलकेच ओढला. म्हणाले, "एकतीस वर्षांत मूठ लवलेली आज पहिल्यांदा बघितली."

"अर्धाच इंच," मी म्हटलं. "उगाच गावभर सांगत सुटू नका."